प्राचीन युद्धनीती आणि आपला गृहोद्योग

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर छापून आला, तेव्हा आमच्या वाडीतल्या एका आजींनी मला वाटेत थांबवून विचारले, "काय गो, आता मंडळात तलवारी वाटतलास की काय?" आजी आज सभेला आल्या आहेत. त्यांना प्रथमच सांगून टाकते की, तलवारी वाटायच्या नाहीत. वाटायचा आहे तो एक हिशेब आहे आणि त्यातला बराचसा वाटा माझ्याच पदरी येणार आहे.

आपल्या मंडळाच्या येत्या सर्वसाधारण सभेपुढे एक प्रश्न आहे, तो आपणां सर्वांना ठाऊक आहे. आपला कोकम विभाग चालू ठेवावा की बंद करावा? २०२५ साली या विभागाला मोठी खोट आली. सोलं परत आली, पैसा अडकला, आणि त्याहून वाईट म्हणजे आपल्यातली मने दुखावली. प्रश्न पैशापुरता असता तर मी एवढे मोठे प्रास्ताविक केले नसते. परंतु खोट कशी आली हे शोधताना आपण जी रीत वापरली ती चुकीची होती, असे मला आता वाटते. ती रीत सुधारायची तर कोठे पाहावे, असा विचार करीत असता मला जुन्या युद्धशास्त्राची आठवण झाली. त्याचे कारण सांगते.

युद्ध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रणांगण येते. पण ज्यांनी युद्धाचे शास्त्र लिहिले, त्यांच्या ग्रंथांत रणांगण फार थोडे आहे. चीनमधील सुन त्झूचा ग्रंथ घ्या. न लढता जिंकणे हेच त्याने सर्वांत श्रेष्ठ मानले आहे. आपल्याकडील कौटिल्याचे अर्थशास्त्र घ्या. हा ग्रंथ परंपरेने चंद्रगुप्त मौर्याच्या अमात्याचा मानला जातो. कित्येक शतके तो नावापुरताच उरला होता. १९०५ साली म्हैसूरच्या ग्रंथालयात शामशास्त्री नावाच्या पंडितांच्या हाती त्याची ताडपत्रावरची पोथी आली आणि १९०९ साली ती छापून निघाली. पुढे आपले मराठी पंडित रा. प. कंगले यांनी त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. मुंबई विद्यापीठाने ती १९६० ते १९६५ या काळात तीन भागांत प्रसिद्ध केली. या ग्रंथाची पंधरा अधिकरणे आहेत. त्यांत शेती आहे, खाणी आहेत, वजने-मापे आहेत, सूत कातणाऱ्या स्त्रियांची मजुरी आहे, मिठावरचा कर आहे. मग हे युद्धशास्त्र कसले? तर कौटिल्याचे म्हणणे असे की, लढाई हरते ती बहुधा लढाईच्या आधीच हरलेली असते. कोठारात, खजिन्यात, सल्लामसलतीच्या खोलीत.

त्याने राज्याची सात अंगे सांगितली आहेत : स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. स्वामी म्हणजे निर्णय घेणारा. अमात्य म्हणजे कारभारी. जनपद म्हणजे मुलूख आणि त्यात राबणारी माणसे. दुर्ग म्हणजे किल्ला. कोश म्हणजे खजिना. दंड म्हणजे सैन्य. आणि मित्र म्हणजे मित्रच. यानंतर तो जे सांगतो ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. या सात अंगांवर संकटे येतात तेव्हा कोणत्या अंगाचे संकट अधिक भारी, असा प्रश्न उपस्थित करून, जुन्या आचार्यांशी वाद घालून, तो निकाल देतो की आधीच्या अंगाचा दोष नंतरच्या अंगाच्या दोषापेक्षा अधिक घातक. मित्र बिघडला तर राज्य तगेल, सैन्य बिघडले तर त्याहून अवघड, खजिना बिघडला तर त्याहून. आणि सर्वांत वर बिघाड झाला तर खालचे काहीच धड राहणार नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा की, दुखणे जेथे दिसते तेथेच ते जन्मलेले असते असे नाही. दिसते ते खालच्या अंगाला, आणि मूळ असते वरच्या अंगात. म्हणून एखादे काम फसले तर शेवटच्या माणसावर बोट ठेवून न थांबता एकेक पायरी वर चढत जावे.

आता कोणी म्हणेल, ही पाटलीपुत्राची गोष्ट मालवणात कशाला? तर आपण दांडीच्या किनाऱ्यावर, मोरयाच्या धोंड्यापाशी उभ्या राहून समोर पाहावे. शिवाजी महाराजांनी या धोंड्याचे पूजन करून २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाच्या कामास आरंभ केला, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. कुरटे बेटावरचे हे काम तीन वर्षे चालले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात आपला सिंधुदुर्ग आहे आणि विजयदुर्गही आहे. आपल्याला अभिमान वाटला. मिरवणुका निघाल्या, भाषणे झाली. पण हा किल्ला पाहुण्यांना दाखवताना आपण तट दाखवतो, लपवलेला दरवाजा दाखवतो, महाराजांच्या हातापायांचे ठसे दाखवतो. विहिरी मात्र जाता जाता दाखवतो. दूधबाव, साखरबाव, दहीबाव! चारी बाजूंनी खारे पाणी आणि मधोमध या तीन गोड्या विहिरी. भगिनींनो, पाणी भरण्याचे काम पिढ्यानुपिढ्या आपल्याकडे असल्यामुळे आपल्याला हे चटकन समजायला हवे की, किल्ला तटाने उभा राहतो पण पाण्याने टिकतो. गोडे पाणी नसते तर तो तट म्हणजे समुद्रातला एक मोठा गडगाच!

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात हेच सांगितले आहे. हा ग्रंथ अठराव्या शतकाच्या आरंभीचा. पंतांची बावड्याची जहागीर आपल्या घाटमाथ्यावरच, म्हणजे ते आपले शेजारीच म्हणायचे. किल्ला बांधण्याआधी त्या जागी पाणी आहे का ते पाहावे असे ते बजावतात. आणि झरा आहे म्हणून तेवढ्यावर निश्चिंत राहू नये, तोफांच्या आवाजाने झरे आटतात, यासाठी साठवणीची टाकी वेगळी करावीत असेही सांगतात. एका झऱ्यावर विसंबू नका, हा सल्ला किल्लेदाराला आहे तसा संसार करणाऱ्या बाईलाही आहे.

आणखी एक पाहा. सिंधुदुर्ग एकटा नाही. पलीकडे पद्मगड, किनाऱ्यावर राजकोट, उत्तरेला सर्जेकोट. एकमेकांना हाकेच्या अंतरावर ठेवलेले सोबती. ज्याने हे योजले त्याने समुद्र, किनारा, खाडी, पाणी, माणसे आणि मित्र हे सगळे एकत्र पाहिले.

महाराजांची दोन पत्रे तर आपल्या प्रत्येक गृहोद्योगाच्या कपाटात लावून ठेवावीत अशी आहेत. पहिले १६७१ सालचे, आपल्या कुडाळच्या सरसुभेदारांना, नरहरी आनंदरावांना लिहिलेले. विषय आहे मिठाचा. बारदेश तेव्हा पोर्तुगीजांकडे होता. तेथले मीठ स्वस्त, म्हणून व्यापारी तिकडे वळू लागले, आणि महाराजांच्या मुलखातले संगमेश्वराकडचे मीठ पडून राहण्याची वेळ आली. आपण असतो तर काय केले असते? मिठागरवाल्याला म्हटले असते, "तुझेच मीठ महाग, भाव उतरव!" महाराजांनी मिठागरवाल्याला दोष दिला नाही. माल कोणत्या वाटेने जातो, व्यापारी कोठे वळतो आणि का वळतो, हे त्यांनी पाहिले आणि बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवण्याची आज्ञा केली, म्हणजे ते मीठ संगमेश्वराच्या मिठाहून स्वस्त पडू नये. जकात बसवणे आपल्या हातात नाही, हे खरे. पण माल का पडून राहिला हे माल करणारीच्या दारात न शोधता सगळी वाट चालून शोधावे, एवढे आपल्या हातात आहे.

दुसरे पत्र १६७४ सालचे, चिपळूणकडे छावणी टाकून राहिलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना. पावसाळा तोंडावर आलेला. महाराज लिहितात, त्याचा सारांश असा : दाणागोटा आणि वैरण पावसाळ्याच्या हिशेबाने जमवली आहे, आताच उधळाल तर पुढे मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही रयतेला उपद्रव द्याल आणि रयत म्हणेल, यांच्यापेक्षा मोगल बरे. पुढे आगीची काळजी आहे. रात्री दिवा जळता ठेवाल, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला लागेल आणि सगळी वैरण जाईल! ज्याच्या राज्याभिषेकाची तयारी चालू होती, तो राजा उंदराच्या आणि वातीच्या गोष्टी लिहीत होता. मला हे पत्र वाचताना वाटते की, हे कोणी घरातल्या जाणत्या बाईनेच लिहिले असावे. मे महिन्यात आगोटीची तयारी करणाऱ्या आपल्या आया आणि आज्या असेच बोलत नव्हत्या का?

आता आपल्या सोलांकडे येते.

काय झाले ते मी पायरीपायरीने सांगते, कारण सभेतल्या नव्या भगिनींना पुरते ठाऊक नाही. २०२५ च्या गणपतीआधी आपण सोलांच्या पुड्या मुंबईच्या आणि इथल्या दुकानदारांना दिल्या. गणपतीनंतर त्यांतल्या ६० किलोंच्या पुड्या परत आल्या. आतून ओलसर, काहींना बुरशी. लगेच सभा भरली. एक म्हणाली, दुकानदारानेच दमट जागी ठेवल्या असतील. दुसरी म्हणाली, पुडीचा कागद हलका. तिसरी म्हणाली, बाहेरची सोलं बाजारात स्वस्त येतात, म्हणून दुकानदाराला आपली नकोत, बुरशी हा बहाणा. अखेर सगळ्यांचे बोट एका ठिकाणी गेले. कोठार ज्यांच्या ताब्यात होते त्या भगिनीकडे. कोठार नीट राखले नाही, असा ठपका ठेवून आपण मोकळ्या झालो. त्या काही बोलल्या नाहीत. किल्ल्या टेबलावर ठेवून घरी गेल्या आणि पुढे तीन महिने मंडळात आल्या नाहीत. तेव्हा चिटणीस मी होते. सभेचा वृत्तांत मीच लिहिला.

पुढे एका रात्री कौटिल्याच्या सात अंगांचे वाचताना मला वाटले, आपण सातवे अंग पाहिले, चौथे पाहिले आणि थांबलो. मग मी मंडळाची दप्तरे घरी आणली आणि खालून वर जायला लागले.

मित्र : म्हणजे दुकानदार. इथल्या दोन दुकानांत जाऊन विचारले. पुड्या आल्या त्या दिवसापासूनच हाताला ओल लागत होती, असे दोघांनीही सांगितले. दोष त्यांचा नव्हता.

दंड : म्हणजे आपली विक्री करणाऱ्या मुली. त्यांना जे दिले ते त्यांनी विकले.

कोश क्षणभर बाजूला ठेवते, कारण त्याच्याकडे परत यायचे आहे.

दुर्ग : म्हणजे आपले कोठार. पिंपे कोरडी होती, झाकणे घट्ट होती, जमिनीखाली फळ्या होत्या. आणि कोठाराच्या वहीत, जूनच्या पानावर, त्या भगिनीच्या हातचे एक वाक्य होते : सोलांना शेवटचे ऊन मिळालेले नाही, पुड्या भरू नयेत. त्या वाक्याखाली सही होती. सही माझी होती. महिनाअखेरीस वह्या समोर ठेवल्या की मी सह्या करीत असे, वाचीत नसे.

भगिनींनो, ते पान पाहिल्यावर मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

अमात्य : म्हणजे कारभारी, म्हणजे आम्ही पदाधिकारी. दोष येथे सापडला. पण एवढ्यावरही थांबायचे नाही असे ठरवले होते, म्हणून पुढे विचारले : शेवटचे ऊन का मिळाले नाही? आपणांला कोणी सोलं करायला शिकवायला नको. रातांबा फोडायचा, बी काढायची, साल उन्हात घालायची, मिठाच्या आगळात भिजवायची, पुन्हा उन्हात. अशी चार-पाच पुटे चढली म्हणजे सोल खरे. त्याला आठ-दहा कडक उन्हाचे दिवस लागतात. एप्रिलचे रातांबे घेतले असते तर ते दिवस होते. आपण रातांबे घेतले मेच्या मध्याला. आणि त्या वर्षी पाऊस एरवीसारखा जूनच्या पहिल्या आठवड्यात आला नाही. २५ मे रोजीच मान्सून देवगडपर्यंत येऊन पोचला होता. त्याच्या आधीचे चार-पाच दिवसही पावसाचेच गेले. खळ्यातली वाळवणे आपण पदराखाली झाकून घरात नेली, ते आठवत असेल.

आपण तेव्हा म्हटले, पावसाने घात केला. आजी म्हणाल्या होत्या, "पाऊस काय इचारून येता?" आजींचे खरे होते. पाऊस विचारून येत नाही, म्हणूनच मेच्या मध्याला रातांबे फोडायला बसू नये.

मग मेच्या मध्याला का बसलो? एप्रिलचे रातांबे का घेतले नाहीत? जनपद : म्हणजे ज्यांच्या परसात रातांबे आहेत त्या वाडीवाडीच्या बाया. त्यांनी आपल्याला एप्रिलमध्ये विचारले होते. रोख पैसे देणार का, असे विचारले. आपल्याकडे रोख नव्हते, म्हणून त्यांनी पहिला बहर दुसऱ्यांना दिला. त्यांनाही संसार आहेत. आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडासाठी सांगितले आहे की, रयतेची आंब्या-फणसाची झाडे तोडू नयेत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे जीर्ण झाड लागलेच तर धन्याला राजी करून, पैसे देऊन घ्यावे. आरमारासाठीसुद्धा उधारी नाही आणि जबरदस्ती नाही. मग आपल्या सोलांसाठी कोणी आपल्याला रातांबे उधार का द्यावेत?

आता कोश. एप्रिलमध्ये मंडळाच्या खात्यात पैसे का नव्हते? २०२४ च्या दिवाळीत आपल्याकडे चांगली शिल्लक होती. ती आपण सगळीच्या सगळी सभासदांना वाटली. दिवाळीला बायकांच्या हाती स्वतःचे पैसे पडले. कोणी मुलीला कपडे घेतले, कोणी गॅसची शेगडी घेतली. तो दिवस मला आजही गोड वाटतो. पण पुढच्या हंगामाच्या रातांब्यांसाठी आणि मिठासाठी आपण एक रुपयाही मागे ठेवला नाही. तो निर्णय कोणाचा? आपल्या सर्वसाधारण सभेचा, म्हणजे स्वामीचा. ठराव एकमताने झाला. ठराव मांडणारी मी होते.

पाहा तर, बुरशी सापडली पुडीत आणि तिचे मूळ निघाले दिवाळीच्या ठरावात. मध्ये दहा महिने आणि सहा अंगे. आणि ज्या एका बाईने वेळेवर खरे सांगितले होते, तिच्याच डोक्यावर आपण सारे खापर फोडले.

कौटिल्याने मसलतीची पाच अंगे सांगितली आहेत. काम कसे आरंभावे, माणसे आणि द्रव्य किती, जागा आणि वेळ कोणती, विघ्न आले तर उपाय काय, आणि काम तडीस गेले हे कशावरून ओळखावे. दिवाळीच्या त्या सभेत आपण यांतला एकही प्रश्न विचारला नव्हता. मसलत किती जणांशी करावी हेही तो सांगतो : एकाशी केली तर अडेल प्रसंगी निर्णय होत नाही, दोघे एक होऊन बसतात, तिघा-चौघांशी करावी. आपण मात्र काही कामे साठ जणींच्या गलक्यात करतो आणि काही एकट्या चिटणीसच्या सहीवर सोडतो. दोन्ही वाईट.

येथे मी एक सावधगिरीचा शब्द सांगून ठेवते. युद्धशास्त्र सगळेच्या सगळे व्यापारात उचलावे असे माझे म्हणणे मुळीच नाही. कौटिल्याच्या ग्रंथात हेर आहेत, विषप्रयोग आहेत, शत्रूच्या घरात फूट पाडण्याच्या युक्त्या आहेत. हल्ली काही लोक व्यापार म्हणजे लढाई असे मोठ्या हौसेने सांगतात. गिऱ्हाईक आपला शत्रू नव्हे. पलीकडच्या गावचे मंडळ आपले शत्रू नव्हे. त्यांच्या बायकाही आपल्यासारख्याच खळ्यात वाकून बसतात. आणि भेद हा उपाय तर आपण आपल्याच घरात, नकळत, वापरून बसलो. या शास्त्रातून घ्यायची ती शिस्त : सगळी अंगे एकदम पाहण्याची, वेळ ओळखण्याची आणि साठवणीची.

हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवणाऱ्या बायका आपल्याच महाराष्ट्रात झाल्या. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती भगिनींनी पापड लाटायला घेतले. भांडवल ८० रुपये, तेही कर्जाऊ. तेच पुढे लिज्जत पापड म्हणून देशभर गेले आणि हजारो स्त्रियांच्या संसाराला आधार झाले. त्यांनी देणगी घेतली नाही. पीठ एका ठिकाणी मळायचे आणि लाटायला घरी न्यायचे, म्हणजे घरोघरचा पापड एकाच चवीचा. पाण्याची सोय आधी आणि तट मागून, हेच त्यांनी आपल्या परीने केले.

आता येत्या सभेपुढे मी काय मांडणार आहे ते आजच सांगते, म्हणजे घरी जाऊन आपणांस विचार करता येईल.

पहिले, दिवाळीची वाटणी करण्याआधी पुढच्या हंगामाचे रातांबे, मीठ आणि मजुरी एवढी रक्कम बाजूला काढावी. ती आपली दूधबाव. तिला कोणी हात लावायचा नाही.

दुसरे, रातांबे एप्रिलमध्ये आणि रोख पैशाने घ्यावेत. १५ मे नंतर हाती येईल त्या फळाची सोलं करू नयेत. आगळ करावे किंवा साखरेत घालून अमृत कोकम करावे. त्यांना शेवटच्या कडक उन्हाची वाट पाहावी लागत नाही. एका झऱ्यावर विसंबायचे नाही ते असे.

तिसरे, कोठार सांभाळणाऱ्या भगिनीने नको म्हटले की पुडी भरायची नाही. तिचा नकार चिटणीसला मोडता येऊ नये, असा नियमच करावा.

चौथे, चौघींची एक मसलत समिती नेमावी. तिने महिन्यातून एकदा सातही अंगांचा झाडा घ्यावा. वही वाचल्याशिवाय सही करू नये, हे तर मी आता कोणाला सांगायला नकोच.

पाचवे, पावसाच्या झडीत वाळवण वाचवायचे तर उन्हावर चालणारे वाळवणयंत्र लागेल. आपल्या एकट्या मंडळाला ते झेपणार नसेल तर शेजारच्या मंडळाशी मिळून घ्यावे. कौटिल्य याला संधि म्हणेल. आपण त्याला शेजारधर्म म्हणू.

इतके करूनही दोन हंगामांत हिशेब जमला नाही, तर मीच विभाग बंद करण्याचा ठराव मांडीन. माघार घेणे आणि योग्य वेळेची वाट पाहणे यांनाही त्या शास्त्रात जागा आहे. पण एका बिघडलेल्या हंगामाच्या रागात बंद करू नये. आधी दुखणे कोठले आहे ते पाहू, मग औषध.

शेवटी एक काम राहिले. मागच्या वर्षीच्या ज्या सभेत तो ठपका ठेवला गेला, तिचा वृत्तांत मी लिहिला होता. तो खोडता येत नाही आणि खोडूही नये. पण त्याच्यापुढे जोडण्यासाठी मी एक टिपण लिहून अध्यक्षबाईंकडे दिले आहे. त्यात जूनच्या त्या पानाची नक्कल आहे आणि माझ्या सहीचा उल्लेख आहे. हे भाषण स्मरणिकेत छापणार असल्याचे मला कळले आहे. ते जसेच्या तसे छापावे अशी माझी विनंती आहे.

त्या भगिनी आज आल्या आहेत. मागच्या रांगेत, दाराजवळ बसल्या आहेत. बाई, तुम्ही पुढे या, असे सांगण्याचा मला अधिकार राहिला आहे की नाही, ते तुम्ही ठरवा. मी सर्वांदेखत तुमची माफी मागते. कोठाराच्या किल्ल्या तेव्हापासून माझ्याजवळ आहेत. आज मी त्या बरोबर आणल्या आहेत.